सीए परीक्षा : टेबलावर नेमकी कोणती पुस्तके ठेवावीत?

शंका-समाधान

या वेळच्या टपालात बारावी झालेल्या मुलीच्या वडिलांपासून संसार सांभाळून पुन्हा अभ्यासाला बसू पाहणाऱ्या एका ताईंपर्यंत अनेकांची पत्रे आहेत. विषय बहुतेकांचा एकच, सीएच्या परीक्षेसाठी काय वाचावे आणि काय सोडावे. नेहमीप्रमाणे कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : मी इंटरमीजिएटच्या पहिल्या ग्रुपची तयारी करतेय. परीक्षेला अडीच महिने राहिलेत. टेबलावर इन्स्टिट्यूटचं मॉड्यूल आहे, क्लासच्या नोट्स आहेत, दुसऱ्या एका सरांची क्वेश्चन बँक आहे आणि मैत्रिणीनं ‘हे केल्याशिवाय कुणी पास होत नाही’ म्हणून दिलेलं एक चार्टबुकही आहे. एक उघडलं की दुसरं राहिलं असं वाटतं. रोज पुस्तक बदलते आणि रात्री वाटतं, आजही काही झालं नाही. यातलं काय सोडू? सोडलेल्यातलंच पेपरात आलं तर?
— विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : रोज पुस्तक बदलणे हा आळस नव्हे. परीक्षा जवळ आली की मनापासून अभ्यास करणाऱ्या मुलांचेच असे होते. तुमची भीती शेवटच्या वाक्यात आली आहे, म्हणून आधी तिच्याकडे पाहू. सनदी लेखापालांची संस्था १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली. अभ्यासक्रम तीच ठरवते, अभ्यासाचे साहित्य तीच काढते, पेपरही तीच काढते आणि तपासून घेते. म्हणून तिचे मॉड्यूल (संस्थेचे विषयवार अभ्यासपुस्तक) हाच पाया. बाजारातली पुस्तके त्याच अभ्यासक्रमावर उभी असतात. कोणी मजकूर आटोपशीर करतो, कोणी तक्ते काढतो, कोणी उदाहरणांचा क्रम बदलतो. एक पुस्तक बाजूला ठेवले म्हणून अभ्यासक्रमाचा एखादा भाग तुमच्या हातून सुटत नाही.

प्रत्येक विषयाला समजून घेण्यासाठी एकच पुस्तक ठेवा. क्लासच्या नोट्स एकदा पूर्ण वाचून झाल्या असतील तर त्याच राहू द्या; आता मॉड्यूल पहिल्या पानापासून सुरू करण्याची वेळ नाही. सरावासाठी मात्र संस्थेचेच प्रश्न घ्या. त्यात मॉड्यूलमधली उदाहरणे आणि धड्यामागचे प्रश्न येतात, आरटीपी (दर परीक्षेआधी संस्था काढते ती उजळणीची प्रश्नपत्रिका) येते, एमटीपी (सराव परीक्षेचा पेपर) येतो आणि मागच्या परीक्षांची ‘सजेस्टेड’ (संस्थेने छापलेली नमुना उत्तरे) येतात. इंटरमीजिएटच्या पेपरात ३० गुण प्रसंगावर आधारित बहुपर्यायी प्रश्नांना असतात. एकोळी प्रश्न भरलेल्या नोट्स तिथे अपुऱ्या पडतात, हेही लक्षात असू द्या.

नोट्स पुरेशा आहेत की नाही, हे मैत्रिणीला विचारू नका. त्यांचीच परीक्षा घ्या. आज संध्याकाळी कंपनी कायद्याचा एक धडा निवडा. मागच्या परीक्षेचा त्यावरचा प्रश्न पुस्तक मिटून, पेन हातात घेऊन, पूर्ण लिहा. मग सजेस्टेडशी ताडून पाहा. त्यात जे होते आणि तुम्हाला लिहिता आले नाही, ते नोट्समध्ये सापडते का? सापडले तर नोट्स चांगल्या आहेत, उजळणी कमी पडली आहे. सापडले नाही तर त्या धड्यापुरते मॉड्यूल उघडा. असे तीन-चार धडे केलेत की कोणते पुस्तक ठेवायचे हे तुमचे तुम्हालाच कळेल. उरलेली पुस्तके खोक्यात भरून दुसऱ्या खोलीत ठेवा. नजरेसमोर राहिली की ती पुन्हा खुणावतात.

प्रश्न : मुलगी मराठी माध्यमातून बारावी कॉमर्स झाली, गुण चांगले पडले. तिला सीए करायचं आहे. शहरातला एक क्लासवाला म्हणतो, आमचं साहित्य घेतलं तर फाउंडेशन नक्की, पण फी एवढी सांगतो की कर्ज काढावं लागेल. आमचं सगळं शेतीवर. पुस्तकंही सगळी इंग्रजीत आहेत म्हणे. मराठीत कुठली मिळतील का? आणि साहेब, तिला झेपेल का?
— एक वडील, लातूर जिल्हा

उत्तर : स्पष्ट सांगायला हवे की ही परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. त्यामुळे मुख्य पुस्तक त्या दोनपैकी एका भाषेतलेच लागेल. तरीही मुलगी कोऱ्या पाटीने सुरुवात करत नाही. पुस्तपालन व लेखाकर्म हा विषय ती दोन वर्षे शिकली आहे. खतावणी, तेरीज, घसारा, ताळेबंद तिला येतात. आता त्यांनाच लेजर, ट्रायल बॅलन्स, डेप्रिसिएशन, बॅलन्स शीट म्हणायचे आहे. बारावीचे पुस्तक रद्दीत घालू नका. शेजारी एक वही ठेवून डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, असे रोज दहा-बारा लिहायला सांगा. फाउंडेशनला (सीएच्या पहिल्या टप्प्याला) प्रत्येकी १०० गुणांचे चार पेपर असतात. गणित-सांख्यिकी आणि अर्थशास्त्र हे दोन बहुपर्यायी असून त्यांत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. लेखाकर्म आणि व्यवसाय कायदा हे दोन लिहून द्यायचे असतात. भाषेचा खरा कस कायद्याच्या पेपरात लागतो, म्हणून त्या विषयाचे एक उत्तर तिने रोज लिहावे.

आता पैशांचे. संस्थेचे फाउंडेशनचे पूर्ण साहित्य तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे आणि तिचे ऑनलाइन वर्गही विनामूल्य असतात. पहिला महिना मुलीला त्यावर अभ्यास करू द्या. कुठे अडते ते त्यातून कळेल आणि क्लास सगळ्या विषयांना लागतो की एखाद्याच, हेही कळेल. तोवर कर्ज काढू नका. ‘नक्की पास’ असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्लासच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि यशाची अशी हमी देण्यास त्यांत मनाई आहे. फी भरायचीच ठरली, तर मुलीने मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळेल ते लेखी घ्या. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

झेपेल का, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण मराठी शाळेत शिकून सीए झालेली माणसे आपल्या तालुक्याच्या गावांत कार्यालये थाटून बसलेली आहेत. जवळच्या अशा एखाद्या कार्यालयात मुलीला घेऊन जा आणि अर्धा तास त्यांच्याशी बोलू द्या.

प्रश्न : मोठ्या भावानं २०२३ मध्ये इंटरची परीक्षा दिली होती. त्याची पुस्तकं कोरी करकरीत आहेत. घरचे म्हणतात हीच वापर, नवीन कशाला? मला भीती वाटते की जुनं वाचून नापास होईन. पण पुन्हा पैसे मागायचीही लाज वाटते.
— विद्यार्थी, नाशिक

उत्तर : घरच्यांचे काटकसरीचे म्हणणे आणि तुमची भीती, दोन्हींत तथ्य आहे, विषयानुसार उत्तर बदलते. भावाची पुस्तके जुन्या योजनेची आहेत. तेव्हा इंटरला आठ पेपर होते. १ जुलै २०२३ पासून नवी योजना लागू झाली, तिच्या परीक्षा मे २०२४ पासून सुरू झाल्या आणि आता सहा पेपर आहेत. असे असले तरी कॉस्टिंग आणि फायनान्शियल मॅनेजमेंटची गणिते सरावाला वापरा. प्रमाणित परिव्यय (आधी ठरवलेल्या खर्चाशी प्रत्यक्ष खर्चाची तुलना) भाऊ शिकला तोच तुम्हालाही शिकायचा आहे. फक्त धड्यांची यादी नव्या अभ्यासक्रमाशी जुळवून घ्या.

करांचे पुस्तक मात्र भावाचे चालणार नाही. प्राप्तिकराचे आकडे दर वर्षीच्या वित्त कायद्याने बदलतात, आणि सध्याचा बदल तर त्याहून फार मोठा आहे. १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन त्या जागी २०२५ चा नवा कायदा आला असून त्याच्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ आहे. त्यात ५३६ कलमे आहेत. ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संकल्पना आली आहे. विमा हप्ता आणि भविष्य निर्वाह निधीच्या वजावटीचे ‘ऐंशी सी’ हे कलम घराघरांत पाठ झाले होते. नव्या कायद्यात त्याचा क्रमांक १२३ आहे. म्हणून कराचे पुस्तक विकत घेताना मुखपृष्ठावरचे लेखकाचे नाव नंतर वाचा. ते कोणत्या महिन्याच्या परीक्षेसाठी आहे, हे आधी वाचा. तुमच्या परीक्षेला कोणता कायदा आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या लागू आहेत, ते संस्था जाहीर करते. ते पत्रक छापून पुस्तकाच्या पहिल्या पानाला चिकटवा. कंपनी कायदा आणि ऑडिट यांनाही हीच काळजी लागते, फक्त त्यांतले बदल इतके मोठे नसतात.

पैसे मागायची लाज वाटून घेऊ नका. मॉड्यूल संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते आणि त्यात तुमच्या परीक्षेचाच मजकूर असतो. एकच विषय छापील घ्यायचा असेल तर कराचा घ्या.

प्रश्न : क्लासचे रेकॉर्डेड लेक्चर्स आणि नोट्सच्या पीडीएफ टेलिग्रामवर फुकट मिळतात. ग्रुपमधले सगळे वापरतात. मीही काही डाउनलोड केलेत. आता कुणी म्हणतं पोलीस केस होते, सीएची पदवीच मिळत नाही. झोप उडालीय.
— आर्टिकल (सीएच्या कार्यालयातला प्रशिक्षणार्थी), पुणे

उत्तर : पदवीच मिळत नाही, ही ऐकीव भीती आहे, तिच्यामुळे झोप घालवू नका. मात्र शिक्षकाच्या परवानगीविना त्यांच्या ध्वनिचित्रफिती आणि नोट्सच्या प्रती काढून वाटणे हे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे उल्लंघन आहे, हेही तितकेच खरे. जे उतरवले ते पुसून टाका, पुढे कोणाला पाठवू नका आणि त्या ग्रुपमधून बाहेर पडा. तुमच्या नावे एखादी नोटीस खरोखर आली असेल तर मित्रांचा सल्ला पुरणार नाही, वकिलांना भेटा. अभ्यासाच्या दृष्टीनेही या फाइलींचा भरवसा नसतो, कारण त्या कोणत्या परीक्षेच्या आहेत हे अनेकदा कळतच नाही. संस्थेच्या संकेतस्थळावरचे साहित्य उतरवून घेण्यात काहीही गैर नाही. ते तुमच्यासाठीच ठेवलेले आहे.

प्रश्न : मोबाइलवरच्या एआयला विचारलं की तो धडा दोन मिनिटांत सोपा करून सांगतो. मग पुस्तकांची गरजच काय?
— विद्यार्थी, ठाणे

उत्तर : एखादी कल्पना डोक्यात शिरत नसेल तर ती सोपी करून घ्यायला हरकत नाही. पण कलमाचा क्रमांक, रकमेची मर्यादा आणि तारीख या तीन गोष्टी त्याच्यावर विसंबून वहीत उतरवू नका. तो चुकीचा आकडाही पूर्ण आत्मविश्वासाने सांगतो. मॉड्यूलमध्ये पाहूनच लिहा. आणि आर्टिकलशिप चालू असेल तर कार्यालयातल्या अशिलाचे कागद किंवा आकडे त्यात कधीही घालू नका. अशिलाची माहिती गुप्त राखणे हे आपल्या व्यवसायाचे पहिले कर्तव्य आहे आणि ते पदवी मिळाल्यावर सुरू होत नाही, आर्टिकल म्हणून रुजू झाल्या दिवशी सुरू होते.

प्रश्न : इंटरचा दुसरा ग्रुप दिला. कॉस्टिंग ६१, ऑडिट ३८, एफएम-एसएम ५७. एकूण १५६ होऊनही नापास. दोन गुणांनी! घरात कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नाही. क्लास चुकला, पुस्तकं चुकली असं वाटतं. सगळंच नवं घेऊ का?
— विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : काही घेऊ नका. गुणपत्रिका पुन्हा शांतपणे वाचू. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५०, लागतात. दुसरी अट तुम्ही सहा गुण वर ठेवून पूर्ण केली आहे. कॉस्टिंगमध्ये ६० च्या वर गेल्यामुळे त्या पेपराला पुढच्या तीन परीक्षांपर्यंत सूट (तो पेपर पुन्हा द्यावा लागत नाही, गुण धरले जातात) मिळते. म्हणजे उरलेल्या दोन पेपरांत मिळून ८९ हवेत, आणि दोन्हींत चाळिशी पार हवी. एफएम-एसएमच्या (फायनान्शियल आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट) पुस्तकांनी तुम्हाला ५७ दिले आहेत. ती बदलण्याचे कारण नाही. प्रश्न फक्त ऑडिटचा उरतो.

तिथेही पुस्तक बदलण्याआधी एक काम करा. संस्थेकडे अर्ज करून उत्तरपत्रिकेची प्रमाणित प्रत मागवा. त्याला मुदत असते, ती पाळा. प्रत हाती आली की पाहा, शेवटचा प्रश्न वेळेअभावी कोरा राहिला आहे का? उत्तर बरोबर असूनही गुण कापले आहेत का? बहुपर्यायी भागात किती गेले? वेळ कमी पडला असेल तर नव्या पुस्तकाने तो वाढणार नाही; घड्याळ लावून तीन-चार पूर्ण पेपर लिहिणे हाच त्यावर उपाय. ऑडिटमध्ये बहुतेकांची चूक भाषेत असते. मुद्दा माहीत असतो, पण तो बोलण्यातल्यासारखा लिहिला जातो. ऑडिटिंगच्या मानकांचे (लेखापरीक्षण कसे करावे याचे संस्थेने ठरवलेले नियम) शब्द ठरलेले आहेत. सारांशाच्या नोट्समध्ये ते शब्द गळून जातात. या एका विषयापुरते माझे मत ठाम आहे : ऑडिट मॉड्यूलमधूनच वाचावे, आणि महत्त्वाची वाक्ये रोज दोन पाने हाताने लिहून काढावीत.

घरच्यांना ही गुणपत्रिका अशीच मांडून दाखवा. त्यांना ‘नापास’ एवढाच शब्द ऐकू आला आहे. ६१ आणि ५७ त्यांनी पाहिलेले नाहीत.

प्रश्न : मुलाची सीए फायनल दोन महिन्यांवर आहे. तो रोज ऑनलाइन नवं पुस्तक मागवतो आणि पाकीटही फोडत नाही. तीन आठवडे नीट झोपलेला नाही, जेवण अर्धं टाकतो, हात थरथरतात. परवा म्हणाला, ‘आई, हे सगळं संपलं तर बरं.’ परीक्षेचं टेन्शन समजून सोडून द्यावं का?
— एक आई, नागपूर

उत्तर : ताई, सोडून देऊ नका. हे उत्तर छापून येईपर्यंत थांबू नये म्हणून तुम्हाला त्याच दिवशी वेगळे कळवले होते. इतर पालकांसाठी इथे लिहितो. परीक्षेची धास्ती सगळ्यांनाच असते. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न जात नाही आणि सगळे संपावे असे शब्द तोंडी येतात, तेव्हा पुस्तकांचा सल्लागार उपयोगाचा नाही. त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. ते लगेच भेटत नसतील तर आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या, पण याच आठवड्यात न्या. ‘मरावंसं वाटतं का?’ हे त्याला सरळ, प्रेमाने विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटे ठेवू नका आणि तडक रुग्णालय गाठा. सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. परीक्षेची काळजी मुळीच करू नका. फायनलची परीक्षा पुन्हा देता येते.

प्रश्न : फायनलचा सहावा पेपर ओपन बुक आहे. सीनियर सांगतात, बॅग भरून पुस्तकं न्या. काय काय नेऊ? एखादं राहिलं तर?
— विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : हा पेपर आधीच्या पाचही विषयांना एकत्र गुंफणाऱ्या प्रसंगांवर असतो आणि त्याला चार तास मिळतात. वेळ भरपूर वाटतो, पण लांबलचक प्रसंग वाचण्यातच त्याचा मोठा भाग जातो. हॉलमध्ये उघडलेले पुस्तक नव्याने शिकण्यासाठी नसते. कुठे काय आहे हे आधीच माहीत असलेली गोष्ट पडताळण्यासाठी ते असते. म्हणून ज्यातून अभ्यास केला तीच पुस्तके न्या. त्यांना धड्याच्या नावाच्या रंगीत चिठ्ठ्या लावा आणि सोबत स्वतः तयार केलेली पाच-सहा पानांची अनुक्रमणिका ठेवा. परीक्षेआधी त्याच पुस्तकांसह दोन सराव पेपर सोडवा. दोन्ही वेळा ज्या पुस्तकाला हात लागला नाही ते घरी ठेवा. मोबाइल किंवा लॅपटॉपसारखे साधन चालत नाही. काय नेता येते याची नेमकी सूचना प्रवेशपत्रासोबत वाचून घ्या.

प्रश्न : मी २०१३ मध्ये आयपीसीसीचा एक ग्रुप पास झाले होते. मग लग्न, मुलं. आता धाकटा शाळेत जायला लागला आणि पुन्हा सुरुवात करावीशी वाटते. जुनी पुस्तकं माळ्यावरून काढून पुसून ठेवलीत. नवऱ्याला अजून सांगितलं नाही, कारण हसं होईल असं वाटतं. त्याच पुस्तकांनी सुरू करू का?
— वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : यात हसण्यासारखे काहीच नाही. चाळिशीच्या आसपास परत येऊन सीए झालेल्या स्त्रिया मी स्वतः पाहिल्या आहेत. फक्त क्रम उलटा करा. पुस्तकांआधी तुमची नोंदणी. तुम्ही दिलेली आयपीसीसी (इंटरमीजिएट टप्प्याची तेव्हाची परीक्षा) आता होत नाही. नव्या योजनेत तुमची नोंदणी कशी वर्ग होईल, त्या उत्तीर्ण ग्रुपबद्दल कोणत्या पेपरांना सूट मिळेल आणि परीक्षेला सर्वात आधी कधी बसता येईल, याचे संस्थेकडून लेखी उत्तर येईपर्यंत एकही पुस्तक विकत घेऊ नका. ओळखीच्या सीएंच्या आठवणीवर विसंबू नका. त्यांच्या वेळचे नियम वेगळे होते. संस्थेची गोव्यात शाखा आहे. जुनी गुणपत्रिका आणि नोंदणी क्रमांक घेऊन तिथे जा.

माळ्यावरच्या पुस्तकांपैकी करांची लगेच रद्दीत द्या. २०१३ मध्ये जीएसटी नव्हता, तो १ जुलै २०१७ ला आला. कायद्याचीही द्या, कारण २०१३ चा कंपनी कायदा तेव्हा नुकताच येत होता. कॉस्टिंगची तुमच्या अक्षरातली वही असेल तर ती ठेवा. लेखी उत्तराची वाट पाहताना रोज एक गणित त्यातून सोडवा. आणि यजमानांना आज रात्रीच सांगा. अभ्यासाला बसायचे तर संध्याकाळचे दोन तास मुलांकडे कोणीतरी पाहावे लागेल.